पुढच्याने सांगायचं

आमच्या सायकलच्या गटाची अडचण अशी आहे की बाहेर पडलं की काहीतरी घडतंच, आणि घडलेलं घरी सांगता येत नाही. घरी सांगितलं तर पुढच्या रविवारी सायकलच्या कुलपाची चावी सापडत नाही. त्यामुळे किस्से साठत जातात. माळ्यावर रचलेल्या नारळांसारखं त्यांचं होतं. एक काढायला जावं तर चार गडगडत खाली येतात. मी खरं तर एकच सांगायला बसलो आहे. बाकीचे आले तर ते आपोआप आले असं समजावं.

आम्ही चौघं आहोत. चौलला माझी नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. मुंबईच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून, निवृत्त होऊन मी इथे परतलो. ज्याला सगळ्या गोष्टींच्या शक्यता मोजायची सवय लागली आहे त्याने सायकल चालवू नये, हे माझं मत आजही कायम आहे. दुसरे हमीदभाई, रेवदंड्याचे बेकरीवाले. तिसऱ्या मेधाताई, अलिबागच्या कोर्टातल्या वकील; प्रॅक्टिस त्यांनी मुलीकडे सोपवली, उलटतपासणीची सवय मात्र स्वतःकडे ठेवली. आणि चौथे तुकाभाऊ. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळ रोह्याकडच्या गावचे, आता आमच्याच आळीच्या टोकाला राहतात.

डांबरी रस्त्याला आम्ही जात नाही. शनिवार-रविवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग असते. आम्ही वाड्यांमधल्या पाखाड्या म्हणजे अरुंद वाटा, खाडीचे बांध आणि कुंडलिकेच्या काठचे लाल मातीचे रस्ते धरतो. एकामागे एक चालायचं आणि जो पुढे असेल त्याने रस्त्यात काय आहे ते मोठ्याने मागच्यांना सांगायचं. खड्डा, खडी, शेण, म्हैस, जे असेल ते. हा नियम तुकाभाऊंचा. "पुढच्यानी सांगायचा. मागच्यांचा जीव पुढच्याच्या तोंडात असतो," असं ते म्हणतात. अर्थात पुढे नेहमी तेच असायचे. गळा एसटीचा, इंजिनावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की काचबिंदू आहे, बाजूचं दिसणं बरंच गेलंय, समोरचंही हळूहळू जाईल, औषधाने फक्त वेळ मिळेल. तुकाभाऊंनी एकच विचारलं, "सायकल?"

डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या जागी, कोणाच्या तरी सोबतीने, अगदी जपून, जमेल तोवर."

आम्हाला तुकाभाऊंनी यातले शेवटचे दोनच शब्द सांगितले. बाकीचे त्यांच्या पत्नीकडून, पार्वतीवहिनींकडून कळले. तेव्हापासून आम्ही कितीही हसलो तरी प्रत्येकाच्या मनात तेच असायचं : हे हँडल त्यांच्या हातात अजून किती दिवस?

*

मांडव्याला रो-रो बोटीतून उतरून काही तरुण मंडळी एका सकाळी चौलच्या नाक्यावर आली. सायकली अशा की त्यांच्याकडे बघून आम्ही आमच्या भिंतीआड लावल्या. त्यातल्या एका मुलीने तुकाभाऊंना विचारलं, "काका, इकडे ग्रॅव्हल रूट कुठे आहे?"

"म्हंजे?"

"म्हणजे डांबर नसलेला. खडी, माती, असा."

तुकाभाऊ विचारात पडले. मग चेहरा उजळला. "म्हंजे मंजूर झालेला, पन न झालेला. व्हय, लय हायेत."

"हवे तर कुठला कुठल्या निवडणुकीत मंजूर झाला त्या क्रमाने लावून देते," मेधाताई म्हणाल्या.

आम्ही त्यांना रामराजच्या बाजूला घेऊन गेलो. पोरं खूश. त्यातला एक दाढीवाला म्हणाला की नाशिकला ते द्राक्षाच्या मळ्यांतून फिरले होते, जागोजागी वाइन चाखत. इकडे तसं काही असतं का? तुकाभाऊ त्यांना थेट आपल्या ओळखीच्या माडीवाल्याकडे घेऊन गेले. परवान्याचं दुकान, मागे माडांची वाडी, नुकतीच उतरवलेली माडी. दाढीवाल्याने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"यात थोडासा नारळाचा भास आहे," तो म्हणाला.

माडीवाला घाबरला. "झाड नारलाचाच हाय, साहेब."

"आणि ही किती जुनी आहे?"

"आज पहाटंची," तुकाभाऊ म्हणाले. "बिगीनं प्या. दुपारपतुर म्हातारी व्हते."

*

हमीदभाई तरुणपणी सायकलवरून घरोघर पाव टाकायचे. आता बेकरीचा टेम्पो आहे, पण अंगठा जुनाच आहे. कुठल्याही फाटकासमोरून जाताना तो आपोआप घंटी वाजवतो. सुरुवातीला फार पंचाईत व्हायची. आम्ही एखाद्या आळीतून गेलो की मागे बायका पातेली-टोपल्या घेऊन बाहेर आलेल्या दिसायच्या, आणि चार म्हातारे काही न देता निघून चाललेले त्यांना दिसायचे.

नागावच्या एका घरातून एकदा एक आजी बाहेर आल्या. खूपच थकलेल्या. फाटक धरून त्यांनी हमीदभाईंना दरडावलं, "काल का आला नाहीस रे?"

हमीदभाईंनी त्या घरी शेवटचा पाव टाकला त्याला एक पिढी उलटून गेली असेल. आजींच्या मागून सून धावत आली आणि हाताने खुणा करून सांगू लागली की यांना आता काही आठवत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका.

"भट्टी बिघडली होती, आजी," हमीदभाई म्हणाले. "माफी असावी."

तेव्हापासून दर रविवारी हमीदभाईंच्या पिशवीत त्या घरची पावाची लादी असते. आजी दर वेळी विचारतात, काल का आला नाहीस? हे दर वेळी नवीन कारण देतात. एकदा सून अगदी संकोचून म्हणाली, "चाचा, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

हमीदभाई म्हणाले, "आजींनी गिऱ्हाइकी सोडली नाही. मग मी कशी सोडू?"

*

पुढचा किस्सा माझा आहे आणि तो सांगावा की नाही याबद्दल मी साशंक आहे. पण मी नाही सांगितला तर मेधाताई सांगतील आणि तो जास्त वाईट होईल.

तुकाभाऊंच्या डोळ्यांचं कळण्याआधीच्या उन्हाळ्यात वाडीतल्या जांभळाला अतोनात फळं लागली. मी पुस्तकं वाचून, सगळी मापं काढून, जांभळाचं सरबत केलं. साखर नेमकी, बाटल्या उकळून घेतलेल्या, बुचं घट्ट. दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून सायकलच्या मागच्या पिशवीत ठेवल्या. विचार असा की नदीकाठी बसून सगळ्यांनी प्यावं.

खडीच्या रस्त्यावर बाटल्या बराच वेळ हिंदकळल्या. ऊन वाढलं. आणि सरबताने मला न विचारता स्वतःची वाइन करून घेतली असावी. एका चढावर मोठा आवाज झाला.

"टायर!" तुकाभाऊ पुढून ओरडले. सगळे थांबले. वाकून आपापली चाकं दाबू लागले. मी वाकलो तर माझ्या पोटरीवरून जांभळंलाल काहीतरी ओघळत बुटात उतरत होतं. मी रस्त्याच्या कडेला बसलो, आणि मला आठवतंय त्याप्रमाणे शांतपणे म्हणालो, "घरी सांगा, कपाटातले विम्याचे कागद दुसऱ्या कप्प्यात आहेत."

हमीदभाई धावत आले. पाय धरला. वास घेतला. मग बोट लावून जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकले. "या अल्ला, सर. हे तर मला चालत नाही."

मेधाताईंना चाललं. उरलेल्या बाटलीला त्यांनी झाडाखाली बसून न्याय दिला आणि निकाल जाहीर केला की बाटली क्रमांक एकचा बळी व्यर्थ गेला नाही.

*

आता हसू जरा कमी होतं.

दिवाळीच्या सुमाराला आम्ही साळावच्या पलीकडे खाडीच्या बांधावरून चाललो होतो. खारं पाणी भातशेतात येऊ नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध. जेमतेम एका सायकलीपुरती वाट, एका बाजूला भाताचं शेत, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे कांदळवनातला काळा चिखल. तुकाभाऊ पुढे. त्यांच्यामागे मी.

"ढेकूळ," ते सांगत होते. "खेकड्याचा भोक. ढेकूळ. बगला बसलाय, उठंल."

समोरचं त्यांना सगळं दिसत होतं. बांध डावीकडे वळला ते मात्र दिसलं नाही. बांध वळला, तुकाभाऊ सरळ गेले. ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण माझं तोंड नेहमीच उशिरा उघडतं. सायकल एका बाजूला, ते एका बाजूला, गुडघ्यापर्यंत चिखलात.

मग त्या चिखलात उभं राहून, मागे वळूनही न बघता, तुकाभाऊंनी आपलं काम केलं.

"चिखल," ते म्हणाले.

आम्ही इतके हसलो की त्यांना बाहेर काढायला हातात जोर राहिला नाही. तेही हसत होते. परत येताना तुकाभाऊ पुढेच होते, आणि सांगतही होते, पण आम्ही तिघं आता त्यांच्या सांगण्यावर चालत नव्हतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघून चालत होतो. हे त्यांना कळलं असावं, असं मला वाटतं. थोड्या वेळाने त्यांनी सांगणं थांबवलं.

*

मेधाताईंनी बेकरीच्या मागच्या खोलीत बैठक घेतली. पावाच्या उबेत बसून असा ठराव झाला की कोणीतरी तुकाभाऊंना सांगायला हवं.

"सर, तुम्ही सांगा," मेधाताई म्हणाल्या. "तुम्ही आयुष्यभर शिकवलंय."

"मी संख्याशास्त्र शिकवलं."

"मग शक्यता म्हणून सांगा."

हमीदभाई भट्टीकडे बघत होते. ते म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी तुकाभाऊंच्या घरी गेलो. पडवीत ते सायकलच्या साखळीला तेल देत होते, हाताने चाचपत. पार्वतीवहिनी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी वाऱ्याबद्दल बोललो. सुपारीच्या गळतीबद्दल बोललो. टायरमध्ये हवा किती असावी याबद्दल बराच वेळ बोललो. चहा झाला. मग यंदा मासळी कशी नाही याबद्दल बोललो. पुन्हा चहा झाला.

"सर," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "आता बोलाल, का आनिक एक च्या पिऊन बोलाल?"

मी कप खाली ठेवला. "तुकाभाऊ, मला असं वाटतं, म्हणजे माझं चुकतही असेल, पण एकंदरीत विचार करता..."

"सर, ऱ्हाऊ द्या," तुकाभाऊ म्हणाले. "पेपर फुटलाय. हमीद सकालीच येऊन रडून गेला."

मला इतकं हलकं वाटलं की मी वाल सोलायला घेतले.

बऱ्याच वेळाने तुकाभाऊ म्हणाले, "मेधाताईनी जोडसायकल बघितली हाय म्हनं. दोन मानसांची. पुढं एक, मागं एक."

"हो."

"जनमभर बसभर मानसा पाठीमागं बसवून नेली, सर. आता मी मागं बसू?"

"मी लगीन झाल्यापासून मागंच बसले हाय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या गाडीत बी पुढची शीट कदी दिली न्हाय. मेले काय? मागून बी दिसतो सगला."

"तुला दिसतो गो," तुकाभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला कोन सांगंल?"

वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे सांगतील," त्या म्हणाल्या. "यांला नुसता बोलायचीच सवं हाय."

*

जोडसायकल काशीदच्या पुढच्या एका रिसॉर्टमधून आली. मेधाताईंच्या अशिलाचं रिसॉर्ट. त्यांनी नव्या जोडप्यांसाठी ती घेतली होती, पण जोडपी हसत निघायची आणि अबोला धरून परतायची, म्हणून त्यांनी ती शेडमध्ये टाकून दिली. गुलाबी रंग, दांड्यावर बदाम काढलेले, मागच्या मडगार्डवर सोनेरी अक्षरांत 'जस्ट मॅरीड'.

हमीदभाईंनी चाकं, ब्रेक सगळं नीट केलं आणि रंग खरवडायला पत्रा घेतला. तुकाभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला कुठं दिसतो?"

मला दिसत होता, पण माझं मत कोणी विचारलं नाही.

पुढे मी, मागे तुकाभाऊ. मी उभ्या आयुष्यात कशाच्याच पुढे बसलो नव्हतो. तुकाभाऊ मागून बस चालवत होते. "गियर टाका. कट मारा. हॉर्न." उतार आला की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा, आणि मागचं पेडल अडून माझंही अडायचं. पहिल्या दिवशी आम्ही आळीच्या टोकापर्यंत गेलो आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. त्या रिसॉर्टवाल्याचा अनुभव किती खरा होता ते पटलं.

दुसऱ्या रविवारी रेवदंड्याच्या बाजारातून जाताना शाळेच्या काही मुलींनी मडगार्ड वाचलं. "आजोबा, अभिनंदन," त्या ओरडल्या.

माझे कान तापले. मागे तुकाभाऊंनी हात वर केल्याचं सायकल हलली त्यावरून कळलं.

"पोरगा सिकत व्हता," ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हनून उशीर झाला."

*

माघात आम्ही सायकली हमीदभाईंच्या टेम्पोत घालून कोलाडला नेल्या. तिथून कुंडलिकेच्या काठाने वर, भिऱ्याच्या धरणाकडे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे अरुंद खोरं, डांबरी रस्ता सोडून खाली नदीला चिकटून जाणारी मातीची वाट. तुकाभाऊंनी डांबरी रस्त्यावरून असंख्य वेळा गाडी नेली होती, पण खालची वाट त्यांनी फक्त खिडकीतून बघितलेली. "कवातरी खालून जायचा," असं ते प्रत्येक फेरीला ठरवायचे म्हणे. आता खालून निघाले होते, तर डोळ्यांसमोर फक्त उजेडाचा एक रुपयाएवढा तुकडा शिल्लक होता.

सांगायचं काम माझं. मी ते अत्यंत मनापासून करत होतो.

"खड्डा. उजवीकडे खडी. पुढे उतार आहे, निसरडा असू शकतो. कुत्रा. झोपलेला आहे, पण उठू शकतो. डावीकडे कुंपणाची तार. गंजलेली आहे. फांदी खाली आली आहे, मान खाली घ्या. पुन्हा खड्डा. पुढे वळण, वळणापलीकडचं दिसत नाही, काहीही असू शकतं."

असं बरंच झालं. मग मागून आवाज आला.

"सर, या रस्त्याला चांगला काय न्हायच काय?"

मी आणखी एक खड्डा चुकवला. मागून मेधाताई म्हणाल्या, "साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं."

मी वर बघितलं. मी सकाळपासून चाकापुढच्या मातीखेरीज काहीच बघितलं नव्हतं.

"वाल फुललाय," मी म्हणालो. "सगळं शेत. पांढरी फुलं आहेत, मधून मधून जांभळी."

"हां."

"नदीला पाणी सोडलंय धरणातून. हिरवं आहे. खडकापाशी पांढरं होतंय."

"तो आवाज येतोय. आनिक?"

"पलीकडच्या काठाने एक बाई चालली आहे. डोक्यावर गवताचा भारा आहे, दोन्ही हात सोडलेले. एका हातात मोबाइल. हातवारे करून बोलते आहे."

"काय बोलतेय?"

"ऐकू येत नाही. रागावलेली आहे."

"सुनेचा चाललाय," तुकाभाऊ समाधानाने म्हणाले. "आनिक?"

मग मी सांगत सुटलो. डोंगराचा रंग सांगितला. पळस कुठे कुठे पेटलाय ते सांगितलं. एका घराच्या अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या, शेजारी एक म्हातारा उन्हाला पाठ देऊन वाळत होता, तेही सांगितलं. माझा आवाज मला ओळखू येईना. वर्गात मी कधी इतका मोठ्याने बोललो नसेन.

आणि मग चाक धाडकन खाली गेलं, दोघं उडालो, कसेबसे सीटवर परत आलो.

"खड्डा सांगितला न्हाय," तुकाभाऊ म्हणाले.

"माफ करा. खंड्या बघत होतो. तारेवर बसला होता, निळा."

मागची पेडलं पुन्हा फिरू लागली.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

*

शिमग्यानंतर डॉक्टरांनी तपासलं. आता उजेड-अंधारच फक्त कळेल असं म्हणाले. तुकाभाऊ चार रविवार आले नाहीत. आम्हीही गेलो नाही. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतलो.

मग एका संध्याकाळी तेच वहिनींचा हात धरून माझ्या वाडीत आले. बसले नाहीत.

"सर, एकदा हँडल पाहिजे," ते म्हणाले. "एकदाच. मग तुमी म्हनाल तिथं बसतो."

मी रात्रभर विचार केला. शक्यतांचा. रस्ता नको, बांध नको, नदीकाठ तर नकोच. मेधाताई म्हणाल्या की समुद्राची पुळण सगळ्यात बरी, तिथे आपटायला काही नाही. मी म्हणालो, होड्या असतात, दोर असतात, कुत्री असतात, खेकड्यांची बिळं असतात.

"आणि समुद्र असतो," मेधाताई म्हणाल्या. "तो ऐकू येतो, सर."

आक्षीची पुळण ठरली. मोठी ओहोटी, सकाळची वेळ, पर्यटक अजून झोपलेले. वाळू ओली आणि अशी घट्ट की टाचेचाही ठसा उमटेना. मी लांबवर चालत जाऊन सगळं तपासून आलो. दोन दोर बाजूला ओढले, नारळाची एक करवंटी उचलली. सुरूच्या बनासमोर काठीने वाळूत रेघ मारली. सायकल इथवर येणार, इथे मी आणि मेधाताई हात पसरून उभे राहून थांबवणार. रेघेपुढेही तशीच मोकळी पुळण होती, पण मी ती तपासलेली नव्हती.

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तुकाभाऊंनी आधी सायकलभोवती एक फेरी मारली, हात लावत लावत, एसटी काढण्यापूर्वी मारायचे तशी. मग पुढच्या सीटवर बसले. दोन्ही मुठी हँडलवर ठेवल्या.

"मागं कोन?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हमीदभाईंना सायकल ढकलायची होती. मेधाताईंना रेघेपाशी जायचं होतं. राहिलो मी. मी चष्मा पुसू लागलो.

वहिनींनी डबा वाळूवर ठेवला. पदर कमरेला खोचला. "सर, तुमी तुमच्या रेघंवर जावा," त्या म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर बसल्या.

"वहिनी, तुम्ही कधी सायकलवर..."

"पाय आपोआप फिरतात म्हनं. मी बघितलाय की."

"कोन बसला?" तुकाभाऊंनी विचारलं.

"मी हाय," वहिनी म्हणाल्या. "बघा काय, सांबालून."

मी आणि मेधाताई रेघेपाशी पोचलो. लांबून हमीदभाईंनी सायकल धरलेली दिसत होती. त्यांनी ढकललं. सायकल डुलली, पाण्याकडे गेली, परत आली. हमीदभाई चपला हातात घेऊन मागे धावत होते. वहिनींचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता. "डावीकडं. जरा डावीकडं. आता सरल." मग हमीदभाई मागे पडले, आणि गुलाबी सायकल ओल्या वाळूवरून सरळ येऊ लागली. मग जोरात येऊ लागली. तुकाभाऊंनी मान वर केली होती. तोंड उघडं होतं.

आम्ही हात पसरले. मी ठरल्याप्रमाणे "थांबा" म्हणायला सुरुवात केली, पण समुद्राच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"पुढं काय हाय गो?" तुकाभाऊ ओरडले. एसटीचा तो आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून मान काढून बघितलं. रेघ बघितली. हात पसरलेल्या मेधाताई बघितल्या. मला तर अगदी नीट बघितलं.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "जावा."

आम्ही दोघं बाजूला झालो.